‘तसं काही’ झालं नाही ना?

घरात ज्यांना ज्यांना कळलं, त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला. "तसं काही झालं नाही ना?" आईने विचारला, काकूने विचारला, फोनवर दादाने अडखळत विचारला. ‘तसं काही’ म्हणजे काय, हे कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती, सगळ्यांच्या मनात एकच चित्र होतं. त्या चित्राप्रमाणे माझ्या बाबतीत ‘तसं’ झालं नव्हतं. त्याने बोटांचा वापर केला होता. मी एवढं सांगितल्यावर आई म्हणाली, "देवाने राखलं गं बाई." तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. मला मात्र कुणी राखल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं.

तो नात्यातला. माझ्यापेक्षा बराच मोठा, घरात हक्काने येणारा, ज्याच्यासाठी चहा न विचारता टाकला जातो असा माणूस. याहून जास्त मी सांगणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे अशा गुन्ह्यातल्या बाईची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी स्वतः लेखी संमती देऊन ती उघड करू देऊ शकते, पण ती मी देत नाही. कलम ७३ प्रमाणे अशा खटल्याच्या न्यायालयातल्या कामकाजाबद्दल न्यायालयाच्या परवानगीशिवाय काही छापणं हाही गुन्हा आहे. म्हणून मी पोलीस ठाण्यापासून दोषारोपपत्रापर्यंतचंच लिहिते आहे. माझ्यासारख्या अवस्थेत बसलेल्या कुणाला उपयोग व्हावा, एवढ्यासाठीच लिहिते आहे.

ठाण्यात मी एकटी गेले नाही, ताई सोबत होती. घडल्यावर मधे एक रात्र गेली होती. ठाणे अंमलदाराने सगळं ऐकायच्या आधी पत्ता विचारला आणि म्हणाला, "हे आमच्या हद्दीत येत नाही, तुम्ही तिकडे जा." ताई तलाठी कार्यालयात कामाला आहे, कागदाला घाबरत नाही. ती म्हणाली, "साहेब, शून्य क्रमांकाने नोंदवा आणि तुम्हीच तिकडे पाठवा." हा तिचा आगाऊपणा नव्हता. तपासाची आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठे घडला हे आड येत नाही. आणि अशा गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकरालाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरीची तरतूद आहे. हे कलम ताईने उच्चारलं नाही, पण अंमलदाराला ते ठाऊक असावं, कारण त्याने खुर्ची पुढे केली.

मग बराच वेळ बसून राहावं लागलं, कारण जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. ती बंदोबस्ताला गेलेली होती. हा नियम चांगला आहे आणि तो सोडू नये असं मला वाटतं. वाट बघून कंटाळून "घ्या लिहून कुणीही" असं म्हणण्याची वेळ येते, तेव्हा आठवावं, की पुढचा तासभर ज्या शब्दांत बोलायचं आहे ते शब्द आपण जन्मात कधी मोठ्याने बोललेले नसतात.

मॅडम आल्या. वाईट बाई नव्हत्या. पाणी दिलं, दार लोटून घेतलं. मी सांगत गेले, त्या टाईप करत गेल्या. ज्या क्षणाबद्दल बोलायला मला सगळ्यात जास्त बळ लागलं, तिथे त्यांनी हात वर केला. "ताई, कळलं. तेवढं बास. पुढचं कोर्टात निघतंच." मग प्रिंट निघाली. त्यात लिहिलं होतं, की सदर इसमाने माझ्याशी अतिप्रसंग करून माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य करून माझा विनयभंग केला. खाली कलम ७४.

मी म्हटलं, "मॅडम, मी बोटांचं सांगितलं ते यात नाही."

"त्याच अर्थाचं आहे ते. तुमचीच लाज राखली मी."

त्या हे मनापासून म्हणाल्या. मला वाईट दिसू नये म्हणून त्यांनी माझं वाक्य झाकलं होतं. पण त्या झाकण्याने काय झालं, हे समजायला मला पुढचे काही दिवस लागले. फिर्यादीतलं ते एक वाक्य गेलं आणि त्याबरोबर गुन्ह्याचं स्वरूपच बदललं. कलम ७४ ला एक ते पाच वर्षं शिक्षा आहे. मी जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं उतरलं असतं, तर किमान शिक्षाच दहा वर्षांची होती. फिर्यादीच्या छापील नमुन्यात ‘विलंबाचे कारण’ असा एक रकाना असतो. तिथे ‘भीतीमुळे’ एवढंच लिहिलं गेलं. मी दिलेलं कारण वेगळं होतं. रात्रभर मी स्वतःलाच विचारत होते की हे तक्रार करण्याइतकं आहे का.

फिर्यादीची प्रत विनामूल्य हातात मिळाली. ती मागावी लागत नाही, द्यावीच लागते. ताईने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवली आणि आम्ही तिथूनच पोलिसांच्या गाडीने सरकारी रुग्णालयात गेलो.

रुग्णालयाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण लोकांच्या मनात सगळ्यात जास्त भीती तिथली असते. माझ्याही होती. ‘टू फिंगर टेस्ट’ हा शब्द मी ऐकलेला होता. जे माझ्याशी झालं तेच डॉक्टर पुन्हा करणार, या कल्पनेने माझे पाय लटपटत होते. डॉक्टरबाईंनी बहुधा चेहऱ्यावरून ओळखलं. त्यांनी आधी सांगितलं, "ती तपासणी आम्ही करत नाही. करायचीच नसते." सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी बाईच्या खाजगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग ठरवली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंद केली. तरीही ती सुरूच असल्याचं दिसल्यावर २०२२ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं, की ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल. हे प्रत्येक बाईला माहीत असायला हवं. तपासणीच्या टेबलावर ‘नाही’ म्हणायचं बळ या माहितीतूनच येतं.

संमतीचा कागद आधी माझ्यासमोर ठेवला. त्यात तपासणीला, नमुने घ्यायला आणि पोलिसांना माहिती द्यायला संमती वेगवेगळी विचारलेली होती. एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं, तर उपचार अडत नाहीत. उपचारांना पैसे पडत नाहीत, खाजगी रुग्णालयातही नाही, आणि आधी पोलिसांचं पत्र आणा असं कुणी म्हणू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ तसं बंधन घालतं. नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. त्यानंतर गेलं तरी तपासणी आणि उपचार होतातच, फक्त नमुन्यांतून काही मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

मग डॉक्टरबाईंनी हकीकत विचारली. त्यांच्यासमोरच्या नमुन्यात एक तक्ता होता. त्यात प्रवेश कशाने झाला हे विचारलेलं होतं. लिंगाने, शरीराच्या दुसऱ्या भागाने, की एखाद्या वस्तूने, आणि कुठे. डॉक्टरबाई एकेक रकाना वाचत गेल्या, मी हो किंवा नाही म्हणत गेले. ‘बोट’ या शब्दापाशी मी हो म्हटलं आणि त्यांनी खूण केली. एवढंच. कुणी हात वर केला नाही, कुणी माझी लाज राखली नाही. पोलीस ठाण्यात जे एक वाक्य मावलं नव्हतं, त्याच्यासाठी इथे छापील जागा होती. मला तिथे पहिल्यांदा रडू आलं.

जखम नव्हती. मी घाबरून विचारलं, "मग माझं खोटं ठरेल का?" त्या म्हणाल्या, "बोटांनी झालेल्या प्रकारात जखम नसणं अगदी नेहमीचं आहे. बलात्कार झाला की नाही हा निष्कर्ष मी लिहीत नाही. तो शब्द कायद्याचा आहे, वैद्यकाचा नाही. काय सांगितलं, काय दिसलं, काय गोळा केलं, ते मी लिहिते." कपडे खाकी पाकिटांत गेले, पाकिटं सील झाली, लेबलांवर सह्या झाल्या. अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मुदत कायद्यात आहे.

रुग्णालयातूनच आम्हाला वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळाला. अत्याचार झालेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं हे केंद्र, आपल्याकडे त्याला सखी केंद्र म्हणतात. तिथल्या समुपदेशक ताईंनी माझी फिर्याद वाचली, मग मला परत सगळं सांगायला सांगितलं, आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "तुम्ही जे सांगताय आणि यात जे लिहिलंय, ती दोन वेगळी प्रकरणं आहेत." त्यांनी कपाटातून संहितेचं पुस्तक काढलं आणि कलम ६३ माझ्यासमोर ठेवलं. "मी सांगण्यापेक्षा तुम्हीच वाचा."

मी शिकलेली बाई आहे, तरी कायद्याचं कलम आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. बलात्काराच्या व्याख्येत चार प्रकारची कृत्यं दिली आहेत. पहिलं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं ते. दुसरं, शरीराचा दुसरा कोणताही भाग किंवा वस्तू योनीमार्गात, मूत्रमार्गात किंवा गुदद्वारात घालणं. तिसरं, बाईच्या शरीराची अशी हाताळणी करणं की ज्यातून असा प्रवेश घडेल. चौथं, या भागांना तोंड लावणं. आणि पहिल्या दोहोंच्या मागे एक छोटा शब्दसमूह आहे, ‘कितीही प्रमाणात’. म्हणजे किती आत, किती वेळ, हा प्रश्नच उरत नाही. यातलं कृत्य बाईवर करणं, तसंच तिला ते स्वतःशी किंवा दुसऱ्या कुणाशी करायला लावणं, दोन्ही त्यात येतं.

मी दुसरा खंड पुन्हा वाचला. आई, काकू, दादा, मॅडम, आणि खरं तर मीही, आम्ही सगळे ज्याला ‘तसं काही नाही’ म्हणत होतो, ते कायद्याच्या पुस्तकात काळ्या शाईने लिहिलेलं होतं.

समुपदेशक ताई म्हणाल्या, की हे नेहमीच असं नव्हतं. २०१३ पर्यंत व्याख्येत फक्त पुरुषाच्या लिंगाचा प्रवेशच धरला जायचा. ही व्याख्या रुंद करावी म्हणून ‘साक्षी’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती, पण २००४ मध्ये न्यायालयाने व्याख्येत हात घालायला नकार दिला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतली ती भयंकर घटना घडली, देश रस्त्यावर आला, न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ च्या दुरुस्तीने बोट, वस्तू, तोंड हे सगळं व्याख्येत आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, तेव्हा जुन्या ३७५ चं कलम ६३ झालं, व्याख्येचा गाभा तोच राहिला. म्हणजे कायदा बदलून दहा वर्षांहून जास्त काळ झाला होता. तो आमच्या घरापर्यंत पोचलाच नव्हता, आणि फिर्याद लिहिणाऱ्या टेबलापर्यंतही नीट पोचला नव्हता. याचा मला आजही संताप येतो.

कृत्यांनंतर सात परिस्थिती दिल्या आहेत. इच्छेविरुद्ध, संमतीशिवाय, स्वतःच्या किंवा जवळच्या माणसाच्या जिवाची वा इजेची भीती घालून मिळवलेली संमती, तो आपला नवरा आहे असा गैरसमज असताना दिलेली संमती, नशा किंवा मनोविकलतेमुळे काय घडतंय हे कळत नसताना दिलेली संमती, अठरा वर्षांखालची मुलगी, आणि संमती कळवण्याच्या अवस्थेतच नसलेली बाई. सातांपैकी कुठलीही एक पुरते.

माझा अडकलेला काटा वेगळा होता. मी ओरडले नव्हते. शेजारच्या खोलीत माणसं होती, तरी माझ्या घशातून आवाज निघाला नाही, हातपाय माझे राहिले नाहीत. मॅडमनीही विचारलं होतं, "ओरडला का नाहीत?" संमती म्हणजे काय, याचं स्पष्टीकरण त्याच कलमात आहे. बाईने शब्दांनी, खुणेने किंवा कुठल्याही प्रकारे, त्या विशिष्ट कृत्याला स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे होकार देणं म्हणजे संमती. आणि लगेच खाली लिहिलं आहे, की बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिने संमती दिली असं समजता येणार नाही. मी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. ते मी वहीत उतरवून घेतलं आणि ती वही आजही माझ्याजवळ आहे.

बाकीची कलमंही त्या दिवशी चाळली. ७४ म्हणजे विनयभंगाच्या हेतूने हल्ला किंवा बळाचा वापर. ७५ लैंगिक छळ, यात नको असलेला स्पर्श, लैंगिक सुखाची मागणी, इच्छेविरुद्ध अश्लील चित्रं दाखवणं, लैंगिक शेरेबाजी येते. ७६ विवस्त्र करण्यासाठी बळ वापरणं, ७७ चोरून पाहणं किंवा चित्रण करणं, ७८ पाठलाग, मग तो रस्त्यावरचा असो की मोबाईलवरचा. प्रौढ बाईच्या बाबतीत ‘लैंगिक हल्ला’ नावाचं एकच एक कलम संहितेत नाही. आपण सरसकट जे बोलतो ते इथे कृत्याप्रमाणे वेगवेगळ्या कलमांत विभागलेलं आहे. म्हणून कृत्य काय होतं हे सांगणं इतकं महत्त्वाचं. ताईला तिच्या मुलीची काळजी वाटली, तिने विचारलं, लहान मुलीच्या बाबतीत काय? तिथे २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि त्यात प्रवेशाशिवायचा लैंगिक हेतूने केलेला स्पर्शही स्वतंत्र गुन्हा आहे. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कलमात बसत नाही असा निकाल दिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि त्वचेला त्वचा लागणं गरजेचं नाही, हेतू महत्त्वाचा, असं स्पष्ट केलं.

वाचताना दोन जागी मी थांबले. व्याख्येच्या शेवटी अपवाद आहे, की पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्याने केलेलं हे कृत्य बलात्कार ठरत नाही. केंद्रात त्याच दिवशी एक बाई बसलेली होती, तिच्याशी हे तिच्या नवऱ्यानेच केलं होतं. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, नवऱ्यापासून वेगळी राहत असती तर कलम ६७ होतं, पण कलम ६३ तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी उघडलेलं दार तिच्यासाठी बंद होतं, आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो. दुसरी जागा अशी, की प्रौढ पुरुषावर असं घडलं तर त्याच्यासाठी या संहितेत बलात्काराचं कलमच नाही. पूर्वीचं ३७७, ज्यात पुरुषावरचा असा अत्याचार बसायचा, ते नव्या संहितेत आलं नाही. हे अन्याय्य आहे, आणि माझं स्वतःचं प्रकरण चालू असताना हे म्हणण्यात मला काही विसंगत वाटत नाही.

"आता फिर्याद बदलता येईल का?" मी विचारलं. फिर्याद बदलत नाही. पण पुरवणी जबाब देता येतो, आणि पुढे मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब असतोच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे तिथेच कळलं. वकील मॅडमनी मला एकच गोष्ट बजावली. "तुम्ही कलम सांगू नका. ‘माझ्यावर बलात्कार झाला’ असंही म्हणायची गरज नाही. त्याने काय केलं, कशाने केलं, शरीराच्या कुठल्या भागाशी केलं, तुम्ही काय म्हणालात किंवा काय म्हणू शकला नाहीत, तेवढं सांगा. नाव कायदा देईल."

पुरवणी जबाब माझ्या घरी घेतला. तशी सोय कायद्यातच आहे, महिला अधिकारी आणि जवळचं माणूस सोबत ठेवून. त्याच मॅडम आल्या. या वेळी मी वाक्य सोडलं नाही आणि त्यांनी हात वर केला नाही. घटनास्थळाचा पंचनामा मात्र फार वाईट गेला. दोन अनोळखी पंच, टेपने मोजमाप, दारात जमलेले लोक, आणि मला दाखवायला लागणारी ती जागा. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

मॅजिस्ट्रेटसमोरचा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा जबाब न्यायालयाच्या इमारतीत झाला, पण ती कोर्टरूम नव्हती. ही साक्ष नव्हे, तपासाचाच भाग आहे. शक्यतो महिला दंडाधिकारी, त्या नसतील तर पुरुष दंडाधिकारी पण खोलीत एखादी स्त्री हजर, असा नियम आहे. पोलीस बाहेर, नातेवाईक बाहेर. कुणाचा दबाव आहे का हे आधी विचारतात, मग शपथ देतात, मग ऐकतात. वकील मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी घरी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. आरशासमोर नाही, ताईसमोर. शरीराच्या भागांची नावं घ्यायला मला आमच्या रोजच्या बोलीत शब्दच सापडत नव्हते. होते ते शिव्यांतले किंवा मग पुस्तकातले. मी पुस्तकातले घेतले. जबाब मला वाचून दाखवला, मी सही केली. त्याची प्रत लगेच मिळत नाही, दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत ती गोपनीय राहते.

त्यानंतर पोलिसांनी न्यायालयाला कलमवाढीचा अहवाल दिला. ७४ सोबत ६४ आलं, त्यातही पोटकलम दोन, खंड एफ. नातेवाईक किंवा विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानावर असलेल्या माणसाने केलेला बलात्कार. आरोपीचं नातं इथे गुन्ह्याला अधिक गंभीर करतं, सौम्य नाही. नात्यातलीच माणसं मला "घरातलं आहे, घरातच ठेव" म्हणून सांगत असताना कायदा याच्या बरोब्बर उलट बाजूला उभा होता.

मिटवण्याचा दबाव अर्थातच आला. काका आले, दोन प्रतिष्ठित माणसं आली, त्याच्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला. हा गुन्हा आपापसात तडजोडीने मिटवता येतच नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांनाही सांगितलं आहे, की पीडितेला तडजोड सुचवू नये आणि आरोपीने तिला भेटावं अशा अटी जामिनात घालू नयेत. मी काकांना म्हटलं, "काका, हे आता माझ्या हातात नाही, सरकार विरुद्ध तो असं प्रकरण आहे." ते उठून गेले. नंतर बोलणं बंद झालं, ते अजून बंदच आहे.

पोटकलम दोनचं महत्त्व वकील मॅडमनी समजावलं, आणि ते समजावताना त्या पन्नास वर्षं मागे गेल्या. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नव्हतं. त्या मुलीचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे, मी इथे लिहीत नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी ठणकावून मांडलं. देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुराव्याच्या कायद्यात एक नवं कलम आलं. आज ते साक्ष्य अधिनियमाचं कलम १२० आहे. पोटकलम दोनखालच्या प्रकरणात कृत्य सिद्ध झालं आणि बाईने न्यायालयात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर न्यायालय संमती नव्हती असंच गृहीत धरतं. होती हे दाखवण्याचा भार दुसऱ्या बाजूवर जातो. त्याच अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे बाईचं चारित्र्य आणि पूर्वीचे संबंध संमतीच्या प्रश्नात गैरलागू आहेत.

म्हणजे मी त्या खोलीत ओरडू शकले नाही, याचं उत्तर मी देत बसायचं नाही, ही सोय माझ्या जन्माआधी देसाईगंजच्या त्या मुलीने सोसलं म्हणून झाली आहे. वकील मॅडमच्या ऑफिसात हे ऐकताना मला तिच्याविषयी जे वाटलं, त्याला कृतज्ञता म्हणणं अपुरं आहे. तिला स्वतःला यातलं काहीच मिळालं नाही.

अशा गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो, आणि नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती पीडितेला कळवायची असते. मला कळवलं ते ताईने लेखी अर्ज दिल्यावर. अर्जावर पोच घ्यावी, एवढं सांगते. दोषारोपपत्र दाखल झालं तेव्हा माझ्या वकिलांनाही त्याची प्रत मिळाली. पीडितेच्या वतीने वकील उभा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे तिलाही ती विनामूल्य मिळते. पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे आधीच गेलेला होता.

प्रत बरीच जाड आहे. फिर्याद, पुरवणी जबाब, पंचनामे, मुद्देमालाची यादी, वैद्यकीय अहवाल, साक्षीदारांची यादी, त्यात पहिलं नाव माझं. तक्त्यातल्या त्या रकान्यातली डॉक्टरबाईंची खूण स्पष्ट दिसते. साक्ष बंद दाराआड होईल, तेव्हा मला जे म्हणायचं आहे ते जबाबात मी म्हटलेलंच आहे. सरकारी वकिलांनी तारखेच्या आदल्या दिवशी जबाब एकदा वाचून यायला सांगितलं आहे. ताईने रजा टाकली आहे.